मूळ संख्या ठरता ठरता राहिलेली ४,२९,४९,६७,२९७

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. अंकांत लिहिली तर या संख्येत नजरेत भरावे असे काहीच नाही: शेवटी शून्ये नाहीत, अंकांची लय नाही, उलटी वाचली तर तीच येते असेही नाही. मात्र हीच संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ हे दोन अंक वापरून लिहिली की तिचे खरे रूप दिसते. सुरुवातीला एक १, मग ओळीने एकतीस शून्ये आणि शेवटी पुन्हा एक १. १ ची ३२ वेळा दुप्पट करावी आणि आलेल्या उत्तरात १ मिळवावा, एवढीच तिची घडण आहे. गणिताच्या भाषेत ती २ च्या ३२ व्या घातापेक्षा १ ने मोठी आहे.

या एका संख्येबद्दल लिहावेसे वाटते याचे कारण असे की तिचे अवयव शोधण्याचे काम वरवर पाहता हजारो भागाकारांचे आहे, आणि तिची घडण नीट पाहिली तर ते पाच भागाकारांत, आणखी बारकाईने पाहिली तर एकाच भागाकारात संपते. मोठी संख्या हाताळताना तिच्या आकाराला घाबरण्यापेक्षा ती कशी बनली हे पाहणे किती उपयोगी पडते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला तरी दुसरे माहीत नाही.

ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांच्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही ती मूळ संख्या, आणि जिला जातो ती संयुक्त संख्या, हे शाळेत शिकलेले असतेच. सतराव्या शतकात फ्रान्समधील तुलूझ येथे न्यायालयीन पदावर असलेला आणि फावल्या वेळात गणित करणारा पिएर द फर्मा हा मूळ संख्या देणाऱ्या सूत्राच्या शोधात होता. २ च्या घातात १ मिळवून मूळ संख्या हवी असेल तर घातांक कसाही निवडून चालत नाही. घातांकाला १ पेक्षा मोठा विषम विभाजक असला की ती संख्या फुटते. उदाहरणार्थ, २ चा ६ वा घात अधिक १ म्हणजे ६५, आणि ६ मध्ये ३ हा विषम विभाजक असल्यामुळे ६५ ला २ चा २ रा घात अधिक १, म्हणजे ५ ने, भाग जातो. त्यामुळे घातांक म्हणून १, २, ४, ८, १६, ३२ अशा दुपटीने वाढणाऱ्या संख्याच उरतात. त्या घेतल्या की अनुक्रमे ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७ या संख्या मिळतात. यांनाच पुढे फर्मा संख्या असे नाव पडले. ३ ला शून्यावी म्हणण्याची प्रथा आहे, म्हणून आपली संख्या या रांगेत पाचवी येते.

पहिल्या पाच संख्या मूळ आहेत. ६५,५३७ चे वर्गमूळ २५६ च्या किंचित पुढे असल्यामुळे २५६ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिले की तिचा निकाल लागतो, आणि अशा मूळ संख्या फक्त ५४ आहेत. फर्माने १६४० मधील पत्रांत असे मत मांडले की या रांगेतली प्रत्येक संख्या मूळच असली पाहिजे. सिद्धता आपल्या हाती नाही हे त्याने मान्य केले होते, पण त्याची खात्री पक्की होती.

पुढे जवळजवळ नव्वद वर्षे हे विधान तसेच राहिले. १ डिसेंबर १७२९ च्या पत्रात ख्रिश्चन गोल्डबाखने लेओनार्ड ऑयलरला फर्माचे हे म्हणणे तुम्हाला ठाऊक आहे का, असे जाता जाता विचारले. ऑयलर तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत काम करत होता. त्याने आधी फारसे मनावर घेतले नाही, मग घेतले, आणि १७३२ मध्ये दाखवून दिले की ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या ६४१ गुणिले ६७,००,४१७ अशी फुटते. त्या लेखात त्याने नुसता अवयव दिला. तो कुठून काढला याचे कारण मागाहून लिहिलेल्या लेखात आले, आणि खरी गंमत त्या कारणात आहे.

आधी सरधोपट मार्ग पाहू. आपल्या संख्येचे वर्गमूळ ६५,५३६ च्या अगदी किंचित वर आहे, आणि ६५,५३६ च्या आत ६,५४२ मूळ संख्या आहेत. ती मूळ आहे की नाही हे भागाकार करूनच ठरवायचे म्हटले तर कागदावर तेवढे भागाकार करण्याची तयारी ठेवावी लागते. ६४१ ही ११६ वी मूळ संख्या असल्यामुळे चिकाटीने बसणाऱ्याला उत्तर बरेच लवकर सापडले असते हे खरे, पण कुठे थांबायचे हे आधी ठाऊक नसते.

आता बाक्यांकडे वळू. १७ ही मूळ संख्या घेऊन २ च्या घातांना क्रमाने तिने भागावे आणि फक्त बाकी लिहीत जावे: २, ४, ८, १६, १५, १३, ९, १. पुढे पुन्हा २, ४, ८ अशीच रांग सुरू होते, कारण बाकी १ आली की आपण जिथून निघालो तिथेच परत येतो. हे आठ पायऱ्यांचे चक्र झाले. त्यात चौथ्या पायरीवर १६ आहे. १७ ने भागताना १६ ही बाकी म्हणजे पुढच्या पूर्ण भागाला १ कमी पडणे, म्हणून तिला उणे १ म्हणणे सोयीचे आहे. चौथ्या पायरीवर उणे १ आले, तर तिच्या दुपटीवर, आठव्या पायरीवर, उणे १ चा वर्ग म्हणजे अधिक १ येणारच.

फर्माचाच एक सिद्धांत येथे उपयोगी पडतो. कोणतीही विषम मूळ संख्या घेतली, तर त्या संख्येपेक्षा १ ने कमी असलेल्या पायरीवर बाकी नेहमी १ येते. १७ साठी सोळाव्या पायरीवर १ आलीच पाहिजे, आणि ती येते, कारण आठचे चक्र सोळा पायऱ्यांत बरोबर दोनदा पूर्ण होते. म्हणजे चक्राची लांबी काहीही असो, मूळ संख्येतून १ वजा केल्यावर जे उरते त्याला त्या लांबीने निःशेष भाग गेला पाहिजे.

समजा, एखादी मूळ संख्या आपल्या संख्येला निःशेष भागते. आपली संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १, तेव्हा त्या मूळ संख्येच्या चक्रात ३२ व्या पायरीवर उणे १ आणि ६४ व्या पायरीवर अधिक १ असणार. चक्राची लांबी ६४ चा विभाजक असली पाहिजे, म्हणजे १, २, ४, ८, १६, ३२ किंवा ६४. पण ती ३२ किंवा त्याहून लहान असती तर ३२ व्या पायरीवरच अधिक १ दिसला असता, आणि तिथे तर उणे १ आहे. लांबी ६४ च आहे हे यावरून पक्के होते. त्यामुळे त्या मूळ संख्येतून १ वजा केला की ६४ ने निःशेष भाग गेलाच पाहिजे. दुसऱ्या शब्दांत, ४,२९,४९,६७,२९७ चा प्रत्येक मूळ अवयव ६४ च्या पाढ्यातल्या एखाद्या संख्येपेक्षा १ ने मोठा असतो.

या एका ओळीने उमेदवारांची गर्दी ओसरते. ६४ चा पाढा म्हणत प्रत्येक वेळी १ मिळवत गेलो तर ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१ अशी यादी मिळते. यातल्या ६५, १२९, ३२१, ३८५ आणि ५१३ या संयुक्त असल्यामुळे गळतात आणि १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ या पाचच उरतात.

पाचांचीही परीक्षा कागदावर पाहण्यासारखी आहे, कारण दहा अंकी संख्येला भागायची वेळच येत नाही. २ चा १६ वा घात ६५,५३६ आहे, त्याला भागून बाकी घ्यायची, तिचा वर्ग करून पुन्हा बाकी घ्यायची आणि १ मिळवायचा. १९३ ने असे केल्यावर शेवटी १०९ उरतात, २५७ ने २, ४४९ ने ३२५, ५७७ ने २८८. मग ६४१ ची पाळी येते. ६५,५३६ ला ६४१ ने भागले की १०२ भाग जातात आणि १५४ उरतात. १५४ चा वर्ग २३,७१६. त्यात १ मिळवला की २३,७१७, आणि ६४१ गुणिले ३७ म्हणजेही २३,७१७ च. बाकी शून्य, आणि फर्माचे विधान निकालात. शेवटची पायरी अशी एका एककाने बरोबर बसताना पाहणे ही गणितातली लहानशी पण खरी चैन आहे.

हा भागाकारही टाळता येतो. ६४१ ही संख्या दोन तऱ्हांनी लिहिता येते: ५ गुणिले १२८ अधिक १, आणि ६२५ अधिक १६. पहिल्या तऱ्हेवरून कळते की ५ गुणिले २ चा ७ वा घात याला ६४१ ने भागल्यास बाकी उणे १ येते. त्याचा चौथा घात केला की उणे १ चे अधिक १ होते, म्हणून ६२५ गुणिले २ चा २८ वा घात याची बाकी १ आहे. दुसऱ्या तऱ्हेवरून ६२५ ची बाकी उणे १६, म्हणजे उणे २ चा ४ था घात. ती ६२५ च्या जागी ठेवली की उणे २ चा ३२ वा घात याची बाकी १ मिळते. मग २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १, आणि त्यात १ मिळवला की शून्य. चार ओळींत काम झाले. मात्र ही सिद्धता ६४१ आधीच हाती असणाऱ्यालाच सुचते. शोधाचा मार्ग तो नव्हे, शोध ६४ च्या पाढ्यानेच लावला.

१८७८ मध्ये एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने हा पाढा आणखी विरळ केला. त्याच्या म्हणण्यानुसार ६४ च्या जागी १२८ घ्यावेत. कारण असे की १,६७,७६,९६० या संख्येचा वर्ग करून त्याला आपल्या संख्येने भागल्यास बाकी २ येते. म्हणजे बाक्यांच्या या जगात १,६७,७६,९६० हे जणू २ चे वर्गमूळ आहे. २ चे चक्र ६४ पायऱ्यांचे असेल तर त्याच्या वर्गमूळाचे चक्र १२८ पायऱ्यांचे असणार, आणि मूळ अवयवातून १ वजा केल्यावर १२८ ने भाग जाणार. आता यादी १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१ एवढीच उरते आणि तीतल्या मूळ संख्या दोनच: २५७ आणि ६४१. त्यांपैकी २५७ ही स्वतः फर्मा संख्या आहे आणि दोन वेगवेगळ्या फर्मा संख्यांना सामाईक अवयव नसतो, म्हणून ती भागाकार न करताच बाद होते. राहिला एकच उमेदवार, आणि तोच उत्तर आहे.

उरलेला अवयव ६७,००,४१७ याचेही असेच. तो मूळ आहे हे कसे कळते? त्याचे वर्गमूळ २,५८८ च्या थोडेसे पुढे आहे, आणि त्याचा प्रत्येक मूळ अवयव हा आपल्या मोठ्या संख्येचाही अवयव असणार, म्हणून त्यालाही १२८ चाच नियम लागू. २,५८८ पर्यंत या नियमात बसणाऱ्या मूळ संख्या २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९ एवढ्याच. २५७ बाद झालेली आहेच. बाकीच्या चारांनी भागले की अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२ उरतात. चार भागाकारांत सात अंकी संख्या मूळ ठरते.

अमेरिकेतल्या झेरा कोलबर्न या मुलाला अंकगणिताची अचाट देणगी होती. १८१२ च्या सुमारास लंडनमध्ये त्याला हीच संख्या घातली आणि आठ वर्षांच्या त्या पोराने ६४१ हा अवयव तोंडी सांगितला, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. कसे काढले हे त्याला समजावून सांगता येत नसे.

फर्माला मात्र हे का दिसले नाही, हा प्रश्न चुकत नाही. बाक्यांचा सिद्धांत त्याचाच, तोही १६४० सालचाच. ६४ चा पाढा त्यातून दोन पायऱ्यांत निघतो. त्याने हे भागाकार करून पाहिले असतील आणि ६४१ शी हिशेबात चूक झाली असेल, असा तर्क केला जातो. मला तो पटतो. आणखी एक गोष्ट अशी की या सिद्धांताचाच कसोटी म्हणून उपयोग केला तर आपली संख्या साफ फसवते. संख्या मूळ असेल तर तिच्यापेक्षा १ ने कमी असलेल्या पायरीवर २ च्या घाताची बाकी १ आली पाहिजे. आपल्या संख्येपेक्षा १ ने कमी म्हणजे २ चा ३२ वा घात. चक्र ६४ पायऱ्यांचे आहे आणि त्या पायरीला ६४ ने निःशेष भाग जातो, म्हणून बाकी १ येते! संख्या संयुक्त असूनही २ च्या कसोटीला उतरते. अशा संख्यांना आभासी मूळ संख्या म्हणता येईल.

पाया २ ऐवजी ३ घेतला की सोंग उघडे पडते. ३ चा एवढा प्रचंड घात काढायचा म्हणजे चार अब्ज गुणाकार करावे लागतील असे वाटते, पण घातांक २ चा ३२ वा घात असल्यामुळे फक्त ३२ वेळा वर्ग करायचा असतो. ३ चा वर्ग ९, त्याचा ८१, त्याचा ६,५६१, त्याचा ४,३०,४६,७२१. पुढचा वर्ग आपल्या संख्येपेक्षा मोठा होतो, तेव्हा भागून बाकी ठेवायची: ३,७९,३२,०१,४५८. असे करत गेले की ३१ व्या वर्गानंतर १,०३,२४,३०३ ही बाकी येते आणि ३२ व्यानंतर ३,०२,९०,२६,१६०. संख्या मूळ असती तर शेवटी १ यायला हवा होता. पेपँ या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी कसोटी सांगते की ३ सोडून बाकीच्या सगळ्या फर्मा संख्यांसाठी, म्हणजे ५ आणि तिच्या पुढच्यांसाठी, शेवटून दुसरी बाकी उणे १ आली तर संख्या मूळ आणि नाही आली तर संयुक्त, यात तिसरी शक्यता नाही. आपल्या संख्येची ती बाकी १,०३,२४,३०३ आहे, त्यामुळे निवाडा स्पष्ट आहे.

या कसोटीने अवयव कळत नाही हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. संख्या फुटते एवढेच कळते. पुढच्या फर्मा संख्यांत याची प्रचीती येते. सहावी संख्या वीस अंकी आहे. ऐंशी ओलांडलेल्या लांद्री या फ्रेंच गणितज्ञाने १८८० मध्ये ती २,७४,१७७ गुणिले ६,७२,८०,४२,१३,१०,७२१ अशी फुटते हे प्रसिद्ध केले. सातवी ३९ अंकी असून तिचे अवयव १९७० मध्ये संगणकाच्या मदतीने हाती आले. पाचवीपासून बत्तिसाव्यापर्यंतच्या सगळ्या संयुक्त आहेत हे आज माहीत आहे, पण विसावी आणि चोविसावी यांचा एकही अवयव अजून सापडलेला नाही. ६५,५३७ च्या पलीकडे एकही मूळ फर्मा संख्या मिळालेली नाही. पाच उदाहरणांवर बांधलेली अटकळ सहाव्या उदाहरणापासून सलग चुकत गेली.

आपल्या संख्येची धाकटी शेजारीण ४,२९,४९,६७,२९५ ही तिच्याइतकीच लक्षवेधी आहे. ३ गुणिले ५ म्हणजे १५, जी १७ पेक्षा २ ने कमी. १५ गुणिले १७ म्हणजे २५५, जी २५७ पेक्षा २ ने कमी. २५५ गुणिले २५७ म्हणजे ६५,५३५, आणि त्याला ६५,५३७ ने गुणले की ४,२९,४९,६७,२९५. म्हणजे आधीच्या सगळ्या फर्मा संख्यांचा गुणाकार हा पुढच्या फर्मा संख्येपेक्षा बरोबर २ ने कमी असतो. दोन फर्मा संख्यांना सामाईक अवयव नसतो असे वर म्हटले त्याचे कारण येथे आहे: तसा अवयव असता तर त्याने २ लाही भागले असते, आणि या संख्या तर सगळ्या विषम. गोल्डबाखने १७३० मध्ये ऑयलरला हे कळवले होते. प्रत्येक फर्मा संख्या आपले वेगळे मूळ अवयव घेऊन येते, म्हणून मूळ संख्या अनंत आहेत हेही यातून आपोआप सिद्ध होते.

हीच शेजारीण भूमितीतही भेटते. १७९६ मध्ये कार्ल फ्रीडरिख गाउसने, वयाची एकोणीस वर्षे पूर्ण होण्याआधी, फक्त पट्टी आणि कंपास वापरून सतरा बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो हे दाखवले. बाजूंची संख्या विषम असेल तर ती मूळ फर्मा संख्या किंवा वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार असायला हवी. ही अट पुरेशी आहे हे गाउसने दाखवले आणि ती आवश्यकही आहे याची सिद्धता वांत्झेल या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ मध्ये दिली. मूळ फर्मा संख्या आज पाचच ठाऊक असल्यामुळे असे विषम बाजूंचे बहुभुज ३१ होतात, आणि त्यांतला सर्वांत मोठा ४,२९,४९,६७,२९५ बाजूंचा. आपली संख्या मूळ निघाली असती तर तेवढ्या बाजूंचा बहुभुजही तत्त्वतः काढता आला असता. ६४१ मुळे ते दार बंद झाले. एवढ्या बाजूंचा बहुभुज आणि वर्तुळ यांत डोळ्याला फरक दिसणार नाही हा भाग वेगळा. ६५,५३७ बाजूंच्या बहुभुजाची रचना लिहून काढण्यात हर्मेस नावाच्या जर्मन गणितज्ञाने दहा वर्षे घालवली, यावरून श्रमांची कल्पना यावी.

संगणकाच्या स्मृतीत ३२ बिटांच्या, म्हणजे ० किंवा १ अशा ३२ अंकांच्या, खणात मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्याही ४,२९,४९,६७,२९५ हीच. आपली संख्या त्या खणात कोंबली तर वरचा १ बाहेर पडतो आणि संगणकाला फक्त १ दिसतो. ६४१ ने भाग जातो का हे तपासायला लिहिलेली आज्ञावली अशा वेळी बिनदिक्कत नाही म्हणून मोकळी होते.

शेवटी या संख्येचा मला सर्वांत आवडणारा गुण. तिच्याकडे दोन वर्गांची बेरीज म्हणून पाहिले तर एक रूप उघडच आहे: ६५,५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग. ४ ने भागल्यावर १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून एकाच प्रकारे लिहिता येते, ही गोष्ट फर्माने सांगितली आणि ऑयलरने सिद्ध केली. एखाद्या संख्येचे दुसरेही रूप सापडले तर ती मूळ असूच शकत नाही. आपल्या संख्येचे दुसरे रूप आहे: ६२,२६४ चा वर्ग अधिक २०,४४९ चा वर्ग. ताडून पाहू. पहिला वर्ग ३,८७,६८,०५,६९६ आणि दुसरा ४१,८१,६१,६०१, बेरीज ४,२९,४९,६७,२९७.

या दोन रूपांतून अवयव थेट बाहेर काढता येतात. मोठ्या संख्यांची वजाबाकी करावी: ६५,५३६ उणे ६२,२६४ म्हणजे ३,२७२. लहान संख्यांची बेरीज करावी: २०,४४९ अधिक १ म्हणजे २०,४५०. दोघांचा मसावि ८१८ आहे, त्याने भागले की ४ आणि २५ उरतात. त्यांच्या वर्गांची बेरीज १६ अधिक ६२५ म्हणजे ६४१. वर चार ओळींच्या सिद्धतेत आलेली ६२५ आणि १६ ही जोडी तीच. आता लहान संख्यांची बेरीज न करता वजाबाकी करावी: २०,४४८. तिचा आणि ३,२७२ चा मसावि ८, भागून आले २,५५६ आणि ४०९, आणि त्यांच्या वर्गांची बेरीज ६७,००,४१७.

उलट दिशेनेही जाता येते. दोन वर्गांच्या बेरजेला दुसऱ्या दोन वर्गांच्या बेरजेने गुणले तर उत्तरही दोन वर्गांची बेरीज असते, आणि ते दोन प्रकारे लिहिता येते. ब्रह्मगुप्ताला सातव्या शतकात ठाऊक असलेले हे सूत्र आहे. २५ व ४ ही एक जोडी, २,५५६ व ४०९ ही दुसरी. २५ गुणिले २,५५६ म्हणजे ६३,९००, आणि ४ गुणिले ४०९ म्हणजे १,६३६. यांची वजाबाकी ६२,२६४ आणि बेरीज नेमकी ६५,५३६. मग तिरपे गुणाकार करावेत: २५ गुणिले ४०९ म्हणजे १०,२२५, आणि ४ गुणिले २,५५६ म्हणजे १०,२२४. यांची बेरीज २०,४४९, आणि वजाबाकी १. २ च्या ३२ व्या घातात फर्माने जो १ मिळवला होता, तो हाच.